तेरवीनंतर बाबा एकटे राहतात तेव्हा

तेरवीपर्यंत घर भरलेलं असतं. मग पुण्याची लेक परतते, बंगलोरचा मुलगा परततो, आणि पंचाहत्तरीचे बाबा नागपुरातल्या त्या घरात पहिल्यांदाच स्वतःसाठी चहा ठेवतात. निघण्याआधीचे दोन दिवस मुलांनी कपाटं आवरण्यात घालवू नयेत. ते औषधांच्या डब्यापाशी आणि ओट्यापाशी घालवावेत.

औषधं सगळ्यांत आधी, कारण गोळ्या बहुतेक घरांत आईच काढून हातावर ठेवत असे. बाबांना रंग माहीत असतो, नाव नसतं. धोका मोठा असतो तो शुगरच्या गोळीचा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न आहे की नाही हे बघत नाही, ती साखर उतरवतेच. दुःखात भूक मेलेली असते, गोळी मात्र सवयीने घेतली जाते, आणि चहा-टोस्टवर दुपार काढली की साखर ७० च्या खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं. शेजाऱ्यांना वाटतं, धक्क्याने असं होतंय. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्यायची, पंधरा मिनिटांनी परत मोजायची, सुधारली की पोळी किंवा बिस्किटं खायला द्यायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करायचा. आणि जेवण अर्ध्यावर आलंय हे डॉक्टरांना आधीच सांगून डोस बदलून घ्यायचा. मनाने गोळी बंद करायची नाही. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर तेही विचारून घ्यावं. नागपूरच्या मे महिन्यात पाणी कमी प्यायलं गेलं की याच गोळीने उभं राहताना भोवळ येते.

स्वयंपाक शिकवताना आधी वरण-भातच शिकवा, पण मापासकट. तीन लिटरचा कुकर, त्यात दोन डबे. एकात अर्धी वाटी तांदूळ आणि एक वाटी पाणी. दुसऱ्यात पाव वाटी तुरीची डाळ, पाऊण वाटी पाणी, चिमूटभर हळद. डाळ अर्धा तास भिजलेली असली की चार शिट्ट्यांत शिजते. कुकरच्या तळाशी दीड पेला पाणी हवंच. हेच विसरतं आणि कुकर करपतो. वाट्या त्याच ठेवा, नवीन आणू नका. चुकतं ते इथे: अंदाजाने दोघांचा भात लागतो, उरलेला ओट्यावर राहतो आणि उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबतो, तरी टाकवत नाही म्हणून खाल्ला जातो. डबा लावायचा तर एकाच वेळचा लावा. संध्याकाळचं वरण-भात त्यांना करू द्या, तो तासभर हाताला काम असतं. फोनवर ‘जेवलात का?’ विचारलं की ‘हो’ येतं. ‘बाबा, आज भाजी कोणती केली?’ असं विचारा, खरं कळतं.

कूलर. भरलेली बादली उचलून टाकी भरणं या वयात नको; नळाची पाइप आणि टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा फ्लोट व्हॉल्व्ह बसवून घ्या. पाणी भरताना किंवा हात लावताना बटण बंद आणि प्लगही बाहेर, कारण ओल्या पत्र्यात करंट उतरतो.

कागदपत्रांचं थोडक्यात: मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी, आणि दाखल्यावरचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या, नाहीतर बँकेत अडतं. आईचं सिम लगेच बंद करू नका. गॅसचं बुकिंग, विजेचं बिल, बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येत असतात; सगळीकडे नंबर बदलून झाल्यावरच ते बंद करा. मागे आई राहिली असेल तर कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज पहिल्या महिन्यातच द्या. अशा वेळी बाबांच्या खात्यात त्यांच्या निधनानंतरच्या दिवसांची जमा झालेली पेन्शन परत करावी लागते, तिला हात लावू नका.

आईच्या साड्या वाटायची घाई नातेवाइकांनाच असते. बाबांनी स्वतः म्हटल्याशिवाय कपाट उघडू नये. तसंच त्यांना लगेच पुण्याला नेऊ नये. ओळखीचा दूधवाला, रोजचा कट्टा, देवळातली आरती, हे सगळं एका दमात सुटलं तर तो दुसरा वियोग होतो. पण वजन सारखं घटत असेल, रात्ररात्र झोप नसेल, ‘आता जगून काय करायचं’ हे वारंवार येत असेल तर म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत क्रमांकावर बोला आणि डॉक्टरकडे न्या.

वर्षश्राद्ध आणि त्यानंतरच्या पितृपक्षातली अविधवा नवमी या दोन तिथी पंचांगात आजच खुणा करून ठेवा. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं पान त्या नवमीला वाढतात. ते पान बाबांना एकट्याने वाढावं लागू नये, म्हणून रजा आत्ताच टाका.