१७ सप्टेंबर
आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला आजीलाही नेलं. खुर्ची दिली तरी बसली नाही. काठी टेकून राष्ट्रगीत संपेपर्यंत उभीच. "रझाकार आले म्हटलं की माय आम्हाला कडब्याच्या गंजीमागं लपवायची," म्हणाली. रझाकार म्हणजे निजामाच्या बाजूचे सशस्त्र लोक.

देश १५ ऑगस्ट १९४७ला स्वतंत्र झाला, आपला मराठवाडा मात्र हैदराबादच्या निजामाच्या राजवटीतच राहिला. १३ सप्टेंबर १९४८ला भारताच्या फौजा सोलापूरकडून शिरल्या, पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला आणि १७ तारखेला निजामाने हात टेकले. पण त्याआधी मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेवर गावोगावची साधी माणसं तुरुंगात गेली होती. हे उर्वरित महाराष्ट्रातल्या पोरांनाही नीट शिकवायला हवं, राहून राहून वाटतं.

आजीचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करतोय. तुमच्या घरी कुणी असेल तर आजच विचारून घ्या.