मिठाची ओळ

जुन्या कागदांची डागडुजी करणं हा माझा व्यवसाय. गेल्या ऑक्टोबरात शिरोड्याजवळच्या एका गावातून महिला मंडळाचा फोन आला. आजेसासवांनी सुरू केलेलं मंडळ, स्मरणिका काढायची होती आणि कौलं गळून सगळं दप्तर भिजलं होतं. आमच्याकडे पाऊस सरला तरी ओल सरत नाही. खारा वारा कागदात मुरला की उन्हात वाळवलेलं पानही रात्रीत दमट होतं.

अध्यक्षबाईंनी ओसरीवर पेटी उघडली. वर फोटो, मानपत्रं, भाषणांची कात्रणं. कात्रणं कुणीतरी मायेने चिकटपट्टी लावून जोडलेली. पट्टी पिवळी पडून आता अक्षरं घेऊनच सुटत होती. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, हे मी भेटेल त्याला सांगते. तळाशी लाल कापडी बांधणीची वही होती.

"ती हिशेबाची कीर्द, ताई. ती राहू दे. फोटो तेवढे नीट करा."

मी तीच आधी घेतली. तिला बुरशी लागली होती, आणि बुरशी पेटीभर पसरायला वेळ लागत नाही. मास्क लावून मऊ ब्रशने पानापानावरची राखाडी भुकटी झाडली, गंजलेल्या टाचण्या चिमट्याने उपसल्या. शाई फुटते का हे बघायला एका आकड्याच्या शेपटीवर पाण्याचा थेंब टेकवला आणि टिपकागद दाबला. टिपकागद कोरा राहिला. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला आणि मी वाचायला लागले.

सुरुवातीला टकळ्या, पेळू, सुताच्या लड्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून टकळीच दिलेली. पुढे १९३० चा मे महिना आला आणि खर्च एकदम फुगला. तांदूळ पायल्यांनी, कुळीथ, नारळ, सोलं, जळण.

शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह त्याच महिन्यातला. ६ एप्रिलला गांधीजींनी दांडीला कायदा मोडला. मुंबईत चौपाटीवर मीठ तयार करणाऱ्यांत अवंतिकाबाई गोखले होत्या. १९१८ साली हिंद महिला समाज काढणाऱ्या त्याच या. त्यानंतर महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतले सत्याग्रही आमच्या या मिठागरांवर आले. शाळेपासून हे सगळं वाचत आले, पण एवढ्या माणसांसाठी कुणीतरी पेज शिजवली असेल, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. त्या बायकांची नावं कुठल्याही मानपत्रात नाहीत. त्यांच्या चुलीचा हिशेब मात्र इथे आणे-पैसकट होता.

आणि मग ती ओळ दिसली. या वहीत दर महिन्याला सोलांच्या खाली मीठ लिहिलेलं, समोर रक्कम. मे महिन्यात तांदूळ कित्येक पट, पण मिठासमोर रकमेच्या जागी नुसती आडवी रेघ. मी मागची पानं उलटली, पुढची उलटली. जूनमध्ये मिठासमोर पुन्हा आणे आलेले. म्हणजे सगळ्यात जास्त जेवणाची पानं वाढली त्या महिन्यात मीठ विकत घेतलंच नव्हतं.

मी अध्यक्षबाईंना हाक मारली. त्या वाचून तशाच खाली बसल्या. आतून त्यांच्या सासूबाई आल्या. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून त्यांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं.

"इकत कित्याक घेतीत?" त्या म्हणाल्या. "मिठागरावरचा हाडलेला आसतला." विकत कशाला घेतील, मिठागरावरचं आणलेलं असणार.

त्यांचा जन्म त्यानंतरचा. वहीवरून मलाही ते सिद्ध करता येणार नाही. पण करबुडव्या मिठाचं मडकं घरात सापडलं असतं तर काय झालं असतं, हे जिने ही कीर्द लिहिली तिला नक्की ठाऊक होतं. तिने ती ओळ गाळली नाही. हिशेबात खोटी रक्कमही मांडली नाही. रेघ ओढली आणि पुढच्या ओळीवर जळण लिहिलं.

दुपारभर फोटो तसेच पडून राहिले. अध्यक्षबाई स्मरणिकेसाठी ते पान स्वतःच्या हाताने उतरवून घेत होत्या, कुळीथ-नारळासकट. मध्येच म्हणाल्या, "रेघ पुसट झालीय. जरा गिरवून द्याल?"

"नाही. आहे तशीच राहील."

मी पान हलकं ओलसर केलं, मागच्या बाजूने गव्हाची पातळ खळ लावून जपानी टिश्यूचा तुकडा बसवला, वर-खाली टिपकागद घातले. माझ्याकडची वजनं कमी पडली. त्यांची सून आत गेली आणि स्वयंपाकघरातला पाटा धुऊन, कोरडा पुसून घेऊन आली. तो आम्ही दोघींनी मिळून फळीवर ठेवला.