अडकलेले सीझन, नोंद ३ : ‘डब्ल्यूकेआरपी’चे दोन संच

डीव्हीडीवर येता येता ज्यांचे सीझन अडकले, त्या मालिकांपैकी या वेळी एकच घेतली आहे, ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ (अमेरिकेतली सीबीएस वाहिनी, १९७८–८२, ९० भाग). कथा रेडिओ स्टेशनवरची, त्यामुळे पार्श्वभूमीला सतत गाजलेली रॉक गाणी. २००७ मध्ये पहिल्या सीझनचे २२ भाग डीव्हीडीवर आले, तेही बरीच गाणी बदलून. पुढचे तीन सीझन थेट २०१४ मध्ये, शाउट फॅक्टरी या डिस्क कंपनीच्या संपूर्ण संचात मिळाले. त्यात बहुतेक गाणी परत आली, सगळी नाहीत.

मेख परवान्यात आहे. एका गाण्याला दोन परवाने लागतात : रचनेचा प्रकाशकाकडून आणि ध्वनिमुद्रणाचा रेकॉर्ड कंपनीकडून. १९७८ साली ते प्रक्षेपणापुरते घेतले गेले. मालिका घरोघरी विकायची कल्पनाच तेव्हा कोणी केली नव्हती. मालिका फिल्मऐवजी व्हिडिओटेपवर झाली तीही टेपला गाण्यांचे दर स्वस्त पडत म्हणून. त्या बचतीची किंमत आज मोजावी लागते : मूळ टेपवरचं चित्रच ४८० आडव्या ओळींचं, म्हणजे खरं एचडी शक्यच नाही.

कुठली गाणी बदलली ते कळायला २००७ आणि २०१४ चे दोन संच ताडून पाहायची पद्धत :

१. मेकएमकेव्हीने (डिस्कवरचे व्हिडिओ संगणकावर उतरवणारा प्रोग्राम) प्रत्येक भाग वेगळा काढा. डीव्हीडीला विभागाचं कुलूप असतं, त्याला रीजन म्हणतात : अमेरिकी डीव्हीडी रीजन १ च्या, आपल्याकडे रीजन ५. ड्राइव्हचा रीजन पाचदाच बदलता येतो, मग तो कायमचा अडकतो. जुना दुसरा ड्राइव्ह १ वर लावून तसाच ठेवा.

२. मीडियाइन्फोमध्ये (फाइलची माहिती दाखवणारा प्रोग्राम) लांबी पाहा. काही सेकंदांहून जास्त फरक असेल तर प्रसंग कापल्याचा संशय घ्या. लांबी तीच आणि संगीत वेगळं, तर फक्त आवाज बदललाय. फिल्मवरच्या मालिकांची पाल (युरोप, भारत वगैरेंची टीव्ही पद्धत) आवृत्ती मात्र ४ टक्के वेगाने पळते, २५ मिनिटांचा भाग २४ चा होतो; त्याला काटछाट समजू नका. ‘डब्ल्यूकेआरपी’ टेपवरची असल्याने रूपांतरात तिची लांबी बदलत नाही.

३. ऑडेसिटीत (आवाज संपादनाचा प्रोग्राम) दोन्ही ध्वनिपट्ट्या मोनो आणि ४८ किलोहर्ट्झ करा. दार आपटल्यासारखा एखादा टोकदार आवाज धरून जुळवा, पातळी सारखी करा, एक पट्टी इन्व्हर्ट (लहर उलटी) करून मिसळा. सारखा भाग जवळजवळ गप्प होतो, बदललेलं गाणं उघडं पडतं. नुसती खरखर उरली तर ती डॉल्बीच्या (डीव्हीडीवरचा आवाज साठवायची पद्धत) कॉम्प्रेशनची. सगळंच ऐकू येत असेल तर जुळणी घसरली आहे : जाहिरातींच्या जागी काळा पडदा दोन्हीकडे कमीजास्त असतो, म्हणून प्रत्येक अंक (दोन जाहिरातींमधला तुकडा) वेगळा जुळवा.

सगळ्यात अवघड जागा गाण्यावर संवाद आहे ती. संगीत आणि संवाद एकाच पट्टीत मिसळलेले असतील तर गाणं काढताना माणसाचा आवाजही जातो. पुनःप्रक्षेपणाच्या प्रतींमध्ये अशा ओळी नकलाकारांकडून पुन्हा म्हणवून घेतल्या गेल्या. एकदा कानाला लागलं की सोडत नाही.

पण सीझन अडकण्याचं सगळं खापर गाण्यांवर फोडता येत नाही, खर्चही आडवा येतो. दुसरा सीझन घेणारे बहुतेक पहिला घेतलेलेच, त्यातलेही काही गळतात. टेप साफ करणं, परवाने, डिस्क बनवणं यांचा खर्च मात्र दर सीझनला तेवढाच. ‘मर्फी ब्राउन’ या दुसऱ्या मालिकेचा पहिला सीझन २००५ मध्ये आला आणि तिथेच थांबला. खर्च किती वाढू शकतो ते पाहा : ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ ३५ मिमी फिल्मवर चित्रित, पण संकलन टेपवर. २०१२–१४ च्या ब्लू-रेसाठी (एचडी डिस्क) १७८ भागांची निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करून, नव्याने जोडून इफेक्ट्स परत बसवावे लागले. तिच्यानंतरच्या ‘डीप स्पेस नाइन’ या स्टार ट्रेक मालिकेला तो मान मिळाला नाही, आणि हिशोब पाहता नवल नाही.

मागणीनुसार बर्न केलेल्या डिस्क (वॉर्नर आर्काइव्ह या वॉर्नर स्टुडिओच्या डिस्क विभागाने २००९ पासून सुरू केल्या तशा) आल्या त्याच आठवड्यात कॉपी करा. खालची बाजू जांभळट दिसली तर ती डीव्हीडी-आर, दाबून बनवलेली नव्हे. तिच्यातला रंग उजेडाने आणि उष्णतेने उतरतो.

बाकी काम : सीझन २ ते ४. तिथे ताडायला २००७ चा संच नाही, त्यामुळे टीव्हीवरून टेप केलेल्या जुन्या व्हीएचएसच वापराव्या लागतील.