तुम्ही विचारलंत म्हणून: त्या माणसाला का काढलं नाही?

जुने सदस्य विचारतात, आणि गट सोडून गेलेले तर खास निरोप पाठवून विचारतात: "मॉडरेटर होतात ना, मग त्या माणसाला काढलं का नाही?" आजवर मी "नियमात बसत नव्हतं" एवढं सांगून सुटत आले. ते खरं आहे. पण तेवढ्याने कुणाचं समाधान होत नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही होत नाही.

ज्यांना प्रकरण अर्धवटच माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आमचा ऑनलाइन गट स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची घरी देखभाल करणाऱ्यांचा. एकीने लिहिलं की आईला केअर होममध्ये ठेवायचं ठरवलंय; आई ओळखत नाही, रात्री अंगावर धावून येते, उचलून उचलून स्वतःची कंबर गेलीये. त्याखाली या गृहस्थांचं एकच वाक्य: "ज्यांना जमत नाही त्यांनी ठेवावं, पण जे निभावतायत त्यांच्यापुढे मांडू नये." शिवी नाही, अरेतुरे नाही, कुणाचं नाव नाही. आमच्या नियमावलीत हे वाक्य कुठेही अडकत नाही. नियमावली मीच लिहिलीये, त्यामुळे खात्रीने सांगते.

मग लोक धावून आले. चांगले लोक. एरवी रात्री दोन वाजता कुणाला औषधाच्या वेळा समजावून सांगणारे. "तुमच्याकडे हे सगळं बायकोच करत असेल", "वेळ आली की कळेल", "असल्यांमुळेच माणसं मनातलं बोलत नाहीत". ज्या धाग्यावर, म्हणजे पोस्टखालच्या चर्चेवर, ताजा प्रतिसाद येतो तो आमच्याकडे आपोआप वर चढतो, त्यामुळे ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांनीही पाहिलं आणि तेही उतरले. केअर होममध्ये रात्रपाळीला किती माणसं असतात ते आधी विचारून घे, असं कुणीतरी फार कामाचं लिहिलं होतं. ते कुठल्या कुठे गाडलं गेलं.

त्यात मला तिचा खाजगी निरोप आला: "माझ्या बाजूने बोलणाऱ्यांना आवरा. फोन वाजला की दर वेळी मला तेच वाक्य वाचावं लागतंय."

मी धागा वरपासून पुन्हा वाचला. जो तो आधी गृहस्थांचं वाक्य जसंच्या तसं चिकटवत होता आणि खाली त्यांना झोडपत होता. त्यांनी ते एकदा लिहिलं होतं. पुढे तिच्यापर्यंत ते पुन्हा पुन्हा पोचवलं ते तिच्या कैवाऱ्यांनी. मी धाग्याला कुलूप लावलं. तर "पीडितेचा आवाज दाबला" म्हणून माझ्याविरुद्ध नवा धागा निघाला. ती त्याच दिवशी गट सोडून गेली.

आता सांगा, कुणाला काढायचं होतं?

फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं तिथल्याच माजी कर्मचारी फ्रान्सेस हाउगन यांनी 2021मध्ये बाहेर आणली, त्यात कुठली पोस्ट वर दाखवायची ते ठरवणाऱ्या गुणांचा हिशोब होता. 2018च्या बदलानंतर साध्या लाइकला 1 गुण आणि भरीव कमेंटला 30. तावातावाने लिहिलेलं लांबलचक खंडनही त्या हिशोबात भरीव कमेंटच. रागाच्या इमोजीलाही 2017पासून लाइकच्या पाचपट वजन होतं. ते शून्यावर आणायला 2020 उजाडलं. आमचा गट तिथे नव्हता, आमच्याकडे गुणबिण नाहीत, नुसता ताज्या प्रतिसादाचा क्रम. तरी वरती तेच आलं. येल विद्यापीठातल्या विल्यम ब्रेडी आणि मॉली क्रॉकेट यांनी 1 कोटी 27 लाख ट्वीट तपासून 2021मध्ये दाखवलं की संतापाला लाइक आणि शेअर मिळाले की माणूस पुढच्या वेळी जास्त संतापतो. या बक्षिसाचा परिणाम जास्त कुणावर, तर ज्यांच्या अवतीभवती मवाळ मतांची माणसं आहेत त्यांच्यावर. कडव्यांच्या गोतावळ्यात तो कमी. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. आमचे सगळे मवाळच होते.

"म्हणजे तुम्ही त्याची बाजू घेताय." नाही. ते वाक्य क्रूर होतं. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस कशी बदलायची, जखम होऊ नये म्हणून काय बघायचं, हे आमच्याकडे त्यांच्याइतकं नीट कुणी सांगत नाही. बायकोचं सगळं ते स्वतः करतात. हे माहीत असल्यामुळे मी नरमले का? नरमले असेन. मॉडरेटर कोरी पाटी घेऊन बसत नाही.

गट सुरू करताना मी ठामपणे म्हणायचे की वाईट बोलण्यावर उपाय म्हणजे चांगलं बोलणं. त्या वेळच्या मला आज विचारावंसं वाटतं: चांगलं बोलणारे शंभर जण एकाच बाईच्या फोनवर बोलले तर? ती तेव्हाची मीही गप्प बसणार नाही. म्हणेल, मग तिला एकटीला ते वाक्य झेलू द्यायचं होतं का? याला माझ्याकडे उत्तर नाही.

त्यानंतर आम्ही एक सोय केली. धाग्यावर भराभर प्रतिसाद यायला लागले की तो आपोआप मंदावतो. एका सदस्याला तासाला एकच कमेंट. भांडणं खरंच कमी झाली. मग एका रात्री कुणीतरी लिहिलं की वडील दार उघडून बाहेर पडलेत, सापडत नाहीत. लोक भराभर लिहू लागले, पोलिसांना कळवा, पूर्वी राहायचात त्या घराच्या वाटेवर बघा, आणि यंत्रणेने भांडण समजून धागा मंद केला. मुलगा विचारत होता आणि त्यालाच पुढचं लिहिता येईना. सहकाऱ्याने फोन करून मला उठवलं. मी मर्यादा काढली. वडील सापडले, पण मर्यादा पुन्हा लावायची की नाही यावर आम्हा मॉडरेटरांचं अजून जमलेलं नाही, आणि सध्या ती बंद आहे.