तुम्ही विचारलंत म्हणून: ह्यूस्टनला यावं का?

हा प्रश्न मला न्यू जर्सीहून येतो, बे एरियातून येतो, हल्ली थेट पुण्याहूनही येतो. विचारणाऱ्यांचा हिशेब बहुधा झालेला असतो. राज्याचा आयकर नाही, घरं मोठी, हिलक्रॉफ्टला किराणा, पेअरलंडला मीनाक्षी मंदिर, मंडळाचा गणपती. हे सगळं ठाऊक असतंच, माझ्याकडून फक्त ‘या’ एवढं ऐकायचं असतं. मी उलट विचारतो, ‘घराचा पत्ता काय?’ आणि समोरचा नाराज होतो. मी घाबरवतो, असं माझ्याबद्दल बोललं जातं. माझं या गावावर प्रेम आहे आणि इथून हलायचा माझा विचार नाही. म्हणूनच एकदा सविस्तर सांगतो.

ह्यूस्टनला यावं का, हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. कोणत्या रस्त्यावर, जमिनीच्या किती उंचीवर आणि कोणत्या बायूच्या, म्हणजे इथल्या संथ ओढ्याच्या, पाणलोटात, हे कळल्याशिवाय मी होही म्हणू शकत नाही आणि नाहीही. जमीन जवळजवळ सपाट, खाली चिकणमाती. पाणी मुरत नाही, वाहतं तेही सावकाश. एकाच शाळेच्या हद्दीत, एकाच किमतीच्या दोन घरांपैकी एकात कमरेएवढं पाणी शिरतं आणि दुसऱ्याचं अंगण तेवढं ओलं होतं.

2017 च्या ऑगस्टमध्ये हार्वी हे चक्रीवादळ आलं, ते सगळ्यांना माहीत आहे. अ‍ॅडिक्स आणि बार्कर या दोन धरणांचं काय झालं, ते मात्र घर शोधणाऱ्यांना मी विचारतो तेव्हा दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं. शहराच्या पश्चिमेला, आय-टेन महामार्गाच्या दोन बाजूंना ही धरणं आहेत. 1929 आणि 1935 च्या पुरांनंतर आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने, म्हणजे लष्कराच्या अभियंता विभागाने, ती 1940 च्या दशकात बांधली. डाउनटाउन वाचवायचं, म्हणजे बफेलो बायूत एकदम पाणी जाऊ द्यायचं नाही, हा हेतू. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की सिंहगड रस्त्यावर काय होतं, ते पुणेकरांना सांगायला नको. पण खडकवासल्याचं पाणी डोळ्यांना दिसतं. ही धरणं एरवी कोरडी असतात. आत बागा आहेत, खेळाची मैदानं आहेत, आतून रस्ते जातात. बांध म्हणजे गवताळ उंचवटा. आपण धरणाच्या पोटात उभे आहोत, हे तिथे उभं राहूनही कळत नाही.

बार्करमध्ये सरकारच्या मालकीची जमीन समुद्रसपाटीपासून साधारण 95 फूट उंचीपर्यंतच होती. त्यापलीकडची जमीन खासगी राहिली आणि पुढे तिच्यावर वसाहती उभ्या राहिल्या. हार्वीत बार्करचं पाणी 101 फुटांच्या वर गेलं. अ‍ॅडिक्समध्ये सरकारी जमीन सुमारे 103 फुटांपर्यंत होती, तिथे पाणी 109 फुटांवर पोचलं. मधल्या सहा फुटांत लोकांच्या बैठकीच्या खोल्या होत्या. बार्करला लागून असलेल्या सिंको रँच या उपनगराच्या पूर्व टोकाच्या वसाहतींत शिरलेलं पाणी नदीचं नव्हतं. धरण भरत होतं आणि फुगवटा मागे येत होता. इकडे 28 ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर दरवाजे उघडून बफेलो बायूत पाणी सोडायला सुरुवात झाली आणि धरणाखालची, तोवर कोरडी असलेली घरंही बुडाली. पाऊस थांबून आकाश निळं झालं तरी अनेक घरांत आठवड्याहून अधिक काळ पाणी उभं होतं.

यातली सर्वांत झोंबणारी गोष्ट अशी की हे कागदावर होतं. फोर्ट बेंड काउंटीतल्या त्या वसाहतींच्या प्लॅटवर, म्हणजे नोंदणीकृत आराखड्यावर, बारीक अक्षरांत टीप होती: ही जमीन आर्मी कोअरच्या नियंत्रणाखाली दीर्घकाळ पाण्याखाली जाऊ शकते. पण क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदीच्या सह्यांच्या, दिवशी प्लॅट वाचतं कोण? डिसेंबर 2019 मध्ये फेडरल न्यायालयाने धरणाच्या वरच्या बाजूच्या घरमालकांच्या बाजूने, सरकारवर जबाबदारी ठेवणारा निकाल दिला. भरपाईचा प्रश्न त्यानंतरही वर्षानुवर्षं चालू राहिला.

‘आमचं घर झोन एक्समध्ये आहे, बँक पुराचा विमा मागत नाही,’ असं मला अभिमानाने सांगितलं जातं. झोन एक्स म्हणजे सरकारी पूर-नकाशावरचा शंभर वर्षांच्या पूररेषेबाहेरचा भाग. ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत आहे, तिथे हार्वीत दीड लाखांहून अधिक घरांत पाणी शिरलं. त्यांतली बहुसंख्य शंभर वर्षांच्या पूररेषेच्या बाहेर होती. तेव्हाचे तिथले नकाशे 2007 चे होते. 2018 मध्ये पावसाचे आकडे सुधारले, तेव्हा ह्यूस्टनमधल्या शंभर वर्षांच्या चोवीस तासांच्या पावसाचा अंदाज सुमारे 13 इंचांवरून 16 ते 18 इंचांवर गेला. शिवाय ‘शंभर वर्षांचा पूर’ याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत ती 26 टक्के होते.

तेव्हा ऑफर देण्याआधी काय पाहायचं? विक्रेत्याचं डिस्क्लोजर, म्हणजे घराबद्दलचं लेखी निवेदन. सप्टेंबर 2019 पासून टेक्ससमध्ये घरात आधी पाणी शिरलं होतं का आणि घर धरणाच्या फुगवट्याच्या पट्ट्यात आहे का, हे त्यात लिहावं लागतं. ‘माहीत नाही’ असं उत्तर असेल तर थांबा. काउंटी क्लार्ककडून प्लॅट काढा आणि त्यावरच्या टिपा वाचा. एलिव्हेशन सर्टिफिकेट, म्हणजे घराच्या उंचीचा दाखला, मागा आणि तळमजल्याची उंची पुराच्या अपेक्षित पातळीशी ताडून पाहा. 2018 च्या सप्टेंबरपासून शहर हद्दीतल्या पूरपट्ट्यात नवं घर पाचशे वर्षांच्या पातळीच्या दोन फूट वर बांधावं लागतं, त्यामुळे बांधकामाचं वर्षही महत्त्वाचं. काउंटीच्या हद्दीत नियम वेगळे. आणि शेजाऱ्याचं दार वाजवून विचारा. रिअल्टरला हे आवडणार नाही, तरी विचारा.

झोन कोणताही असो, पुराचा विमा घ्याच. साध्या घरविम्यात पूर येत नाही. सरकारी योजनेत इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, सामानाला एक लाख, आणि सामानाचा विमा वेगळा मागून घ्यावा लागतो. घर दुरुस्त होईपर्यंत दुसरीकडे राहण्याचं भाडं ही योजना देत नाही. कर्जाच्या क्लोजिंगबरोबर घेतला नाही तर लागू व्हायला साधारण 30 दिवस लागतात. वादळाचं नाव बातम्यांत आल्यावर फोन करून उपयोग नसतो. घरविम्यातलं वादळाचं डिडक्टिबल, म्हणजे आधी आपण सोसायचा वाटा, टक्क्यांत असतं, तेही बघा. चार लाखांच्या घराला दोन टक्के म्हणजे पहिले आठ हजार तुमचे.

आता कर. आयकर वाचतो, खरं आहे. पण घरपट्टी, त्यात नव्या वसाहतीचा मड टॅक्स (पाणी-सांडपाण्याच्या सोयींसाठीचा स्थानिक कर) धरला की किमतीच्या अडीच टक्क्यांवर आणि कधी त्याहून वर जाते. नव्या घराला पहिल्या वर्षी भूल पडते. मूल्यांकन 1 जानेवारीचं असतं आणि त्या दिवशी तिथे रिकामा प्लॉट असतो. समजा, त्या वर्षी कर 1,500 आला. बँक एस्क्रोसाठी, म्हणजे हप्त्याबरोबर कराचे पैसे जमा ठेवायच्या खात्यासाठी, महिना 125 धरते. पुढच्या वर्षी पूर्ण घराचा कर 9,000 आला तर महिना 750 लागतात आणि मागची 7,500 ची तूट बारा महिन्यांत वसूल करायला आणखी 625. म्हणजे हप्ता एकदम 1,250 ने वाढतो. पहिल्या दिवसापासून पूर्ण कराची रक्कम बाजूला टाका. होमस्टेडचा, म्हणजे स्वतः राहत असलेल्या घराच्या करसवलतीचा, अर्ज राहायला आल्यावर लगेच करा. मूल्यांकनाला हरकत घ्यायची मुदत साधारण 15 मे असते आणि ती दर वर्षी घ्यावी, या मताचा मी आहे.

वीज कंपनी निवडता येते. फिक्स्ड रेट घ्या आणि ‘1,000 युनिट झाले की सूट’ असल्या योजनांपासून लांब राहा, कारण 990 युनिटच्या महिन्यात ती सूट जाते. तारा मात्र सगळ्यांच्या एकाच कंपनीच्या. जुलै 2024 मध्ये बेरिल चक्रीवादळ आलं, तेव्हा 22 लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, काहींची आठवडाभराहून जास्त. जनरेटर घेणार असाल तर त्यावर पूर्ण घराचा एसी चालेल असं गृहीत धरू नका. एका खोलीपुरता खिडकीचा एसी आणि फ्रिज एवढं धरा. आणि जनरेटर घरापासून किमान वीस फूट लांब, गॅरेजमध्ये कदापि नाही. वादळानंतर कार्बन मोनॉक्साइडने माणसं मरतात.

मग एवढं सगळं असताना तुम्ही तिथे का, असं कुणी विचारतं आणि मला राग येतो. कारण शिक्षकाच्या, नर्सच्या पगारात घर घेता येईल अशी मोठी शहरं या देशात फार उरलेली नाहीत. मेडिकल सेंटरमध्ये काम आहे, आईवडील आले तर त्यांना बोलायला माणसं आहेत. हे मला खरंच मोठं वाटतं. दुसरीकडे, तेलाचा भाव पडला की एनर्जी कॉरिडॉरमध्ये, तेल कंपन्यांच्या ऑफिसांच्या पट्ट्यात, नोकऱ्या जातात, हे 2015 मध्येही झालं आणि 2020 मध्येही. एच-वन व्हिसावर असाल तर नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला साधारण 60 दिवस मिळतात, आणि त्याच काळात शेजारची चार घरंही विकायला निघालेली असतात. म्हणून वर्षभर भाड्याने राहा, असं मी सांगतो. त्यावर ‘तोवर भाव वाढले तर?’ असं मला विचारतात. वाढतीलही. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

भाड्याच्या घराबद्दलही पाण्याचं विचारा. 2022 पासून घरमालकाला, घर शंभर वर्षांच्या पूररेषेत आहे का आणि गेल्या पाच वर्षांत पुराने त्याचं नुकसान झालं का, हे लेखी सांगावं लागतं. तो कागद घ्या, पत्ता पाठवा, मग आपण बोलू.