दोन बनियन

शेवटच्या नंबरला आई आणि मुलगा आले. मुलगा चौदा वर्षांचा, दप्तर छातीशी घट्ट धरलेलं. आई म्हणाली, "डॉक्टर, एवढ्या उकाड्यात हा दोन-दोन बनियन घालतो. विचारलं की अंगावर येतो." मी आईंना जरा बाहेर बसवलं.

बराच वेळ तो पेपरवेट फिरवत राहिला. मग खाली बघूनच म्हणाला, "सर, मला कॅन्सर झालाय."

त्याला विचारून आईंना पुन्हा आत घेतलं, पडद्यापलीकडे बसवलं आणि तपासलं. डाव्या स्तनाग्राखाली बटणाएवढी, दाबलं की दुखणारी गाठ. "गायनेकोमास्टिया," मी सवयीने बोलून गेलो.

त्याचा चेहरा पडला. "गायनॅक म्हणजे बायकांचे डॉक्टर ना, सर?"

पुढची दहा मिनिटं माझा तो एक शब्द निस्तरण्यात गेली. वयात येताना इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन या हार्मोन्सचं प्रमाण काही काळ खाली-वर होतं, म्हणून निम्म्याच्या आसपास मुलांच्या छातीत अशी गाठ येते; गायनेकोमास्टिया म्हणजे एवढंच. बहुतेकांची गाठ ६ महिने ते २ वर्षांत आपोआप जिरते. झपाट्याने वाढली, टणक लागली किंवा त्यातून स्राव आला, तर मात्र लगेच यायचं.

"मग हे?" त्याने मोबाइल पुढे केला. तीन आठवड्यांचा शोध होता तो. चरबी जाळणारी चूर्णं, ऑपरेशनच्या जाहिराती, आणि 'पुरुषत्व कमी होतंय' असं छातीठोक सांगणारा एक पिळदार माणूस. मी म्हटलं, "पान पार खालपर्यंत वाच." अंगठा सरकत गेला, थांबला. "इथे 'खरेदी करा' आहे, सर." पहिल्यांदाच हसला.

युनेस्कोच्या २०१८च्या लैंगिकता शिक्षणाच्या मार्गदर्शिकेतले वयोगट पाचव्या वर्षापासून सुरू होतात. हा पोरगा चौदाव्या वर्षी याबद्दल पहिल्यांदा कुणाशी तरी बोलत होता, आणि तेही कॅन्सर झाला असं समजून.

जाताना मी त्याला आमच्याच केंद्राच्या संकेतस्थळावरचं पान वाचायला सांगणार होतो. मजकूर माझाच. उघडलं तर मथळा: 'गायनेकोमास्टिया: कारणे व उपचार'. गुपचूप बंद केलं.

रात्री मथळा बदलला: 'मुलांच्या छातीत गाठ येते, ती कशाची?'