कार्ड लॉक्ड

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढतात ते मोठं जाळं, काठाला लागली, बांगडे उसळतायत आणि माझ्या नव्याकोऱ्या कॅमेऱ्यावर परत तेच, ‘कार्ड लॉक्ड’. सकाळपासून सहावी वेळ!

मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर उभा राहून मेमरी कार्डवर फुंकर मारली, बॅटरी काढून घातली, फॉरमॅट मारायला गेलो तर तेही होईना (लॉकच ना ते). शेजारी जाळं आवरणाऱ्या काकांनी हात लुंगीला पुसले, कार्ड उन्हात धरलं नि म्हणाले, "झिला, ह्यां खाली सरकता बघ."

कडेची ती तांदळाच्या दाण्याएवढी पट्टी, ढिली. कार्ड आत सारताना दरवेळी लॉककडे घसरायची. त्या पट्टीच्या खाचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावला, झालं चालू. दुकानदार तर फोनवर म्हणत होता, कॅमेराच पाठवून द्या.

तोवर बांगडे टोपल्यांत गेलेले. पहिला फोटो काकांच्या हातांचा आला, खवल्यांसकट.